संगणकाच्या कचेरीतील उमेदवारी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, संकेश्वर आणि निपाणी या टापूतील घरांतून दरवर्षी अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडणारी कितीतरी मुले-मुली पुण्याच्या किंवा बंगळूरच्या रात्रीच्या गाडीने निघून जातात आणि तेथील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होतात, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला विशेष वाटत नाही. बेळगावात गोगटे यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1979 साली निघाले, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना 1998 साली होऊन त्याचे मुख्य ठाणे याच शहरालगत आले, आणि पुणे–बंगळूर हमरस्ता तर निपाणी आणि बेळगाव या दोन्ही गावांच्या अंगाखालून जातो. तेव्हा विद्या येथे आणि चाकरी तेथे, असा हा व्यवहार सुरळीत चालावा यात नवल नाही. नवल वाटावे अशी गोष्ट दुसरीच आहे. ज्या घरातून हा मुलगा किंवा ही मुलगी निघते त्या घराने दिलेली शिदोरी आणि ज्या कचेरीत ती पोचते त्या कचेरीची अपेक्षा, या दोहोंत पहिल्याच आठवड्यात विरोध उभा राहतो.

घरचा उपदेश असा असतो की, सांगितलेले काम गुमान कर, थोरांच्या मध्ये बोलू नको, वर तोंड करून प्रश्न विचारू नको. कचेरीतील वरिष्ठ मात्र पहिल्याच भेटीत सांगतात की आम्हांला उत्साही माणसे हवीत, बोला, विचारा, पुढे या. घरच्या शिकवणीप्रमाणे वागावे तर सहा महिन्यांनी होणाऱ्या मूल्यमापनात ‘पुढाकार नाही’ असा शेरा पडतो. कचेरीच्या शब्दावर विसंबून पहिल्याच दिवशी सूचनांचा पाऊस पाडावा तर शेजारच्या टेबलावरील माणसे मनातल्या मनात हसतात. या पेचातून सुटण्यासाठी बहुतेक नवखे एक तिसराच मार्ग धरतात: रात्री उशिरापर्यंत खुर्चीवर बसून राहतात आणि आपली निष्ठा घड्याळाच्या साक्षीने सिद्ध झाली असे मानतात. तिन्ही मार्गांत एकच उणीव आहे. आपल्या येण्याने त्या तुकडीचे नेमके काय होते, याचा विचार त्यांपैकी एकातही केलेला नसतो.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार पूर्वी झाला नव्हता असे नाही. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि त्या इलाख्यातील मामलेदार कचेऱ्यांतून उमेदवार नावाचा एक प्राणी पिढ्यानपिढ्या वावरत असे. त्याला पगार नसे, हुद्दा नसे. जागा रिकामी होईल तेव्हा आपला नंबर लागेल या आशेवर तो कारकुनाच्या बाजूला बैठक मारून मसुद्यांच्या नकला उतरी, रुमाल बांधी-सोडी, बारनिशीत आवक-जावक टिपून ठेवी, आणि हे करता करता मोडीचे वळण, अर्जाचा मायना, कोणता कागद कोणाच्या सहीने पुढे सरकतो याचे ज्ञान, हे सारे त्याच्या अंगी मुरे. या पद्धतीतील पिळवणूक उघड आहे, आणि बिनपगारी राबवून घेण्याचे समर्थन करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. परंतु तिच्यात एक शहाणपण होते ते असे की, नवख्याने पहिले काही महिने कारकुनाचा वेळ खायचा नसून वाचवायचा असतो, ही समजूत दोन्ही बाजूंना न सांगता ठाऊक असे.

संगणकाच्या व्यवसायात हे शहाणपण बऱ्याच खर्चाने पुन्हा शोधावे लागले. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने 1960 नंतरच्या दशकात ‘सिस्टिम 360’ या आपल्या यंत्रमालिकेसाठी जी अवाढव्य कार्यप्रणाली लिहवून घेतली तिची सूत्रे फ्रेडरिक ब्रूक्स या गृहस्थांकडे होती. ते काम लांबतच गेले. त्या अनुभवावर ब्रूक्स यांनी 1975 साली एक पुस्तक लिहिले आणि त्यात असा सिद्धान्त मांडला की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते काम आणखीच उशिरा होते. हा सिद्धान्त प्रथमदर्शनी विपरीत वाटतो, पण त्यामागील हिशेब शाळकरी पोरालाही करता येईल असा आहे. तीन माणसांच्या तुकडीत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या तीनच असतात. दहा माणसांत त्या पंचेचाळीस होतात. अकरावा मनुष्य आला की पंचावन्न. शिवाय या अकराव्याला काम समजावून द्यायचे तर ते ज्याला सर्वांत चांगले येते अशा मनुष्यानेच समजावून द्यावे लागते, म्हणजे ज्याचे हात सर्वांत मोलाचे तोच हातातले काम टाकून शिक्षक बनतो. नवखा मनुष्य, मग तो कितीही हुशार असो, प्रथम खर्चाच्या बाजूलाच मांडला जातो. यात त्याचा अपमान नाही. मात्र आपण कोणत्या बाजूला मांडले गेलो आहोत याची जाणीव ज्याला आहे त्याचा उत्साह निराळ्या वाटेने वाहू लागतो.

ही वाट कोणती हे समजण्यासाठी सॉफ्टवेअरची तुकडी प्रत्यक्षात काम कसे करते हे थोडे पाहिले पाहिजे. बाहेरच्या माणसाची कल्पना अशी असते की, प्रत्येक जण आपापल्या पडद्यासमोर बसून आपापला कार्यक्रम लिहितो आणि शेवटी ते सारे जोडले जातात. वस्तुस्थिती अशी की, सर्वांचे लेखन एकाच सामाईक दफ्तरात असते, आणि हे दफ्तर राखण्यासाठी बहुतेक ठिकाणी लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली निर्माण केलेले ‘गिट’ नावाचे साधन वापरले जाते, ज्यात कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कोणते कारण नोंदवून बदलली याचा इतिहास राहतो. या दफ्तरात बदल करण्याची रीत शेतकरी वाचकाच्या चटकन ध्यानात येईल, कारण ती जमिनीच्या फेरफारासारखी आहे: तलाठी नोंद लिहितो, पण नोटीस निघून, हरकतीची मुदत उलटून, सर्कलने मंजुरी दिल्याखेरीज ती उताऱ्यावर चढत नाही, त्याचप्रमाणे येथे नवख्याने केलेला बदल प्रथम सूचना म्हणून मांडला जातो, एक-दोन सहकारी तो ओळीओळीने वाचून हरकती घेतात, आणि त्यांचे समाधान झाल्यावरच तो मूळ लेखनात सामील होतो. या तपासणीला कोड रिव्ह्यू म्हणतात. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी 1976 साली तिची एक शिस्तबद्ध पद्धत प्रसिद्ध केली तेव्हापासून या ना त्या स्वरूपात ती चालू आहे.

आता असे पाहा की, नवख्याला पहिल्या दिवशी काय सांगितले जाते? ‘हा कार्यक्रम तुमच्या यंत्रावर चालू करून घ्या, कसा तो या टिपणात लिहिले आहे.’ हे टिपण बहुधा दोन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेले असते. त्यातील चौथी पायरी आता लागू नसते, सातव्या पायरीतील परवाना कोणाकडे मागायचा ते लिहिलेलेच नसते, आणि जुन्या माणसांना या गोष्टी कधीच्या पाठ झाल्यामुळे त्या टिपणाकडे कोणी ढुंकून पाहत नसते. नवखा दोन दिवस अडखळतो, कोणाला तरी विचारतो, कार्यक्रम चालू होतो, आणि सुटकेचा निःश्वास टाकून तो ‘खऱ्या’ कामाकडे वळतो. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी संधी याच क्षणी हुकते. त्या तुकडीत त्या घडीला असा एकच मनुष्य असतो की ज्याला त्या टिपणातील खड्डे दिसतात, आणि ही दृष्टी महिन्या-दोन महिन्यांत, सवय झाली की, जाते. तेव्हा अडखळलेल्या प्रत्येक जागी टिपणाची दुरुस्ती करून ती दुरुस्ती पहिला बदल म्हणून तपासणीसाठी मांडणे, एवढे ज्याने केले त्याने पुढच्या नवख्याचे दोन दिवस आणि त्याला समजावणाऱ्या वरिष्ठाचा अर्धा दिवस वाचवला. हे काम चमकदार नाही. परंतु ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहते, आणि शिवाय या निमित्ताने बदल मांडण्याची, हरकत ऐकण्याची आणि मंजुरी मिळवण्याची सगळी वाट जोखीम न पत्करता एकदा चालून होते.

दुसरे तसेच उपेक्षित काम चुकांच्या तक्रारींचे. कोणत्याही चालत्या सॉफ्टवेअरच्या मागे ग्राहकांनी कळवलेल्या दोषांची एक लांबलचक यादी साचलेली असते, आणि तिच्यातील पुष्कळ नोंदी ‘अमुक पान उघडत नाही’ एवढ्याच त्रोटक असतात. दोष दुरुस्त करणे हे जाणत्याचे काम. पण दोष नेमक्या कोणत्या कृतीनंतर, कोणत्या यंत्रावर, दर वेळी की क्वचित उद्भवतो हे प्रयोग करून पाहणे आणि ते पायरीवार लिहून ठेवणे, हे नवख्यालाही साधते, आणि तेवढ्याने निम्मे काम झालेले असते. ज्यांच्या मनात दोष शोधण्याविषयी कमीपणाची भावना असेल त्यांनी डोनाल्ड कनूथ यांची रीत ध्यानात घ्यावी. संगणकशास्त्रातील हे श्रेष्ठ आचार्य आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखवून देणाऱ्याला 2.56 डॉलर पारितोषिक देत आले आहेत, मग दाखवणारा विद्यार्थी असो की प्राध्यापक. आणि ती रक्कम क्षुल्लक असूनही, ते धनादेश पाठवीत त्या काळात, पुष्कळ लोक मिळालेला धनादेश वटवण्याऐवजी चौकटीत बसवून भिंतीवर लावत.

प्रश्न विचारण्याची गोष्ट थोडी नाजूक आहे, आणि आपल्या सीमाभागातील मुलांच्या बाबतीत तर विशेषच. सकाळी पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून काल काय केले, आज काय करणार आणि कोठे अडले ते सांगायचे, अशी प्रथा आता सर्वत्र आहे. मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकून आलेल्या मुलाला या पंधरा मिनिटांचे दडपण सबंध दिवसाच्या कामाहून अधिक वाटते, कारण ती इंग्रजीत पार पाडायची असतात. मग ‘अडले’ असे सांगण्याऐवजी तो ‘चालू आहे’ म्हणून मोकळा होतो आणि अडलेले तसेच चार दिवस दडपून ठेवतो. वस्तुतः या मुलाइतका भाषांतराचा सराव पुण्या-मुंबईकडच्या मुलाला सहसा नसतो: घरात मराठी, बाजारात कन्नड, सिनेमात हिंदी, वर्गात इंग्रजी, असा चौरंगी व्यवहार तो लहानपणापासून बिनतक्रार करत आलेला असतो. तोंडाने बोलणे जड जात असेल तर आदल्या रात्री तीन वाक्ये लिहून ठेवावीत. प्रश्नाचे तेच. ‘हे होत नाही, काय करू?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचे पाच सेकंद आणि उत्तर देणाऱ्याचा अर्धा तास घेतो. ‘मला हे हवे होते, मी हे आणि हे करून पाहिले, त्यावर यंत्राने ही ओळ दाखवली, माझा तर्क असा आहे’ एवढे लिहून विचारलेला प्रश्न पुष्कळदा लिहिता लिहिताच सुटतो, आणि सुटला नाही तरी उत्तर देणाऱ्याला विचारणाऱ्याची मेहनत दिसते. उत्साहाचा याहून विश्वसनीय पुरावा मला ठाऊक नाही.

या ठिकाणी संगणकाशी काडीचाही संबंध नसलेली, पण विषयाच्या अगदी गाभ्याची एक हकिगत सांगण्याचा मोह आवरत नाही. 1901 सालच्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा दक्षिण आफ्रिकेहून आलेले बत्तीस वर्षांचे एक बॅरिस्टर तेथील कचेरीत जाऊन, मला काही काम द्या, म्हणून उभे राहिले. त्या वेळचे एक चिटणीस जानकीनाथ घोषाल यांनी सांगितले की, कारकुनी कामाशिवाय माझ्याकडे काही नाही, आणि तुंबलेल्या पत्रांचा ढीग त्यांच्यापुढे ठेवला. गांधींनी तो ढीग उपसला. पुढे घोषालबाबूंना या ‘कारकुना’ची पूर्वपीठिका कळली तेव्हा ते ओशाळले, पण गांधींना त्यात कमीपणा वाटला नव्हता, कारण त्या पत्रव्यवहारातून आणि त्या कचेरीतल्या बसण्या-उठण्यातून थोड्याच दिवसांत त्यांना काँग्रेसचा कारभार आतून कळला, पुढाऱ्यांच्या ओळखी झाल्या, आणि वेळेची व शक्तीची कोठे उधळपट्टी होते तेही दिसले. अधिवेशनाच्या छावणीतील शौचकूपांची घाण पाहून त्यांनी स्वयंसेवकांना ती दाखवली, आणि ते भंग्याचे काम आहे असे उत्तर मिळताच झाडू मागून घेऊन आपल्यापुरती जागा स्वतः साफ केली. याच गृहस्थांनी 1924 च्या डिसेंबरात बेळगावात, टिळकवाडीच्या माळावर उभारलेल्या ‘विजयनगरात’, काँग्रेसचे अध्यक्षस्थान स्वीकारले, आणि त्यांच्या आयुष्यात ते स्थान त्यांनी तेवढे एकदाच स्वीकारले. गंगाधरराव देशपांडे यांनी ज्या अधिवेशनाची सर्व सिद्धता केली आणि हर्डीकरांच्या सेवादलाने ज्याची शिस्त राखली, त्याचा अध्यक्ष तेवीस वर्षांपूर्वी पत्रांच्या ढिगामागे बसलेला उमेदवार होता, ही गोष्ट बेळगावच्या मुलांना शाळेत सांगितली जाते की नाही, कोण जाणे.

हकिगतीतील एक बारकावा मात्र सुटू नये. कलकत्त्यात आपल्याला पुष्कळ दोष दिसले असे गांधींनी पुढे लिहिले आहे. पण दिसलेला प्रत्येक दोष लगोलग दुरुस्त करायला ते धावले नाहीत. नव्या सॉफ्टवेअर-कर्मचाऱ्याचा उत्साह सर्वांत धोक्याचा होतो तो येथे. जुन्या लेखनात त्याला एखादा वाकडा भाग दिसतो, महाविद्यालयात शिकवलेल्या सुबक पद्धतीशी तो मुळीच जुळत नाही, आणि हे सगळे नव्याने लिहून टाकावे अशी ऊर्मी त्याच्या मनात येते. तो भाग वाकडा का झाला याचा इतिहास त्याला ठाऊक नसतो: कोण्या एका बँकेची सूचीच उलट्या क्रमाने येते, किंवा एका राज्याचा कर महिन्याच्या अखेरीस निराळ्या रीतीने मोजावा लागतो, असे एखादे कारण त्याच्या तळाशी दडलेले असते. अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या रोखेबाजारातील पेढीची गोष्ट या व्यवसायात सर्वतोमुखी आहे. 2003 पासून वापरात नसलेला एक जुना भाग त्यांच्या कार्यक्रमात तसाच पडून होता. तो चालू करण्याची जुनी खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरली गेली, आणि आठांपैकी एका यंत्रावर नवे लेखन चढवायचे राहून गेले. 1 ऑगस्ट 2012 रोजी बाजार उघडताच ते मृत लेखन जागे झाले आणि सुमारे पाऊण तासात पेढीचे 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. हा अपराध नवखेपणाचा होता असे कोणी म्हणत नाही. जुने लेखन जसेच्या तसे ठेवणे आणि त्याची चौकशी न करता त्याच्या अंगाला हात लावणे, ही दोन्ही जोखमीची कामे आहेत, एवढेच त्यावरून दिसते. आणि म्हणून ‘हे असे का आहे?’ हा प्रश्न ‘हे असे नसावे’ या मताच्या अगोदर यावा.

याउलट काही बाबी अशा असतात की ज्यांत नवख्याने गप्प राहणे हाच दोष ठरतो, आणि त्या बहुधा त्याच्या गावाने त्याला दिलेल्या असतात. ज्या शहराचे सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झाले त्याच्या नोंदी एखाद्या कंपनीच्या ग्राहकसूचीत बेलगाम, बेळगाव आणि बेळगावी अशा तीन निरनिराळ्या शहरांच्या म्हणून पडलेल्या असतात. बंगळूरच्या कचेरीतील दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या सहकाऱ्याला ते कळण्याचे कारण नाही, टिळकवाडीच्या मुलीला ते बघताक्षणी कळते. ‘कुऱ्हाडे’ आणि ‘गोऱ्हे’ या आडनावांतील अर्धा र युनिकोडमध्ये वेगळ्या अक्षरापासून साधावा लागतो, आणि तो साधला नाही तर छापलेल्या पावतीवर नावाची मोडतोड होते. निपाणीच्या शेतकऱ्याचे नाव बोलताना मराठी आणि उताऱ्यावर कन्नड असते, कारण ‘भूमी’ योजनेखाली कर्नाटकाने सुमारे 67 लाख खातेदारांच्या 2 कोटी नोंदी संगणकात चढवल्या त्या कन्नड लिपीत. येथे एक सोय अशी आहे की, युनिकोडात देवनागरी आणि कन्नड यांची अक्षरे जुन्या भारतीय मानकाला धरून समांतर मांडलेली असल्याने, देवनागरी क च्या क्रमांकात जेवढा आकडा मिळवला की कन्नड क मिळतो तेवढाच मिळवल्यावर ळ वरून कन्नड ळ ही मिळतो. दोन लिप्यांतील नावे ताडून पाहण्याचे काम त्यामुळे पुष्कळ सोपे होते, निदान त्याचा आरंभ तरी. ज्याने दोन्ही लिप्यांतील दुकानांच्या पाट्या वाचत बालपण काढले त्याने हे ठाऊक असूनही सकाळच्या बैठकीत सांगितले नाही तर त्याला विनयशील म्हणता येणार नाही.

2020 च्या टाळेबंदीत या साऱ्याला एक नवीन वळण मिळाले. पुण्या-बंगळूरच्या खोल्या रिकाम्या करून मुले शहापूर, वडगाव आणि निपाणीच्या घरी परतली, आणि त्याच सुमारास रुजू झालेल्या कित्येकांनी आपल्या तुकडीतील एकही मनुष्य प्रत्यक्ष न पाहता पहिले वर्ष काढले. हजर असणे, उशिरा बसणे, वरिष्ठांच्या टेबलाजवळून लगबगीने जाणे, ही उत्साहाची सगळी दृश्य लक्षणे एका फटक्यात निरुपयोगी झाली, आणि उरले ते फक्त लिहिलेले: दुरुस्त केलेले टिपण, पायरीवार नोंदवलेला दोष, नीट मांडलेला प्रश्न, दुसऱ्याच्या लेखनावर सौजन्याने घेतलेली हरकत. ज्यांना ही कला अवगत होती त्यांचे घरून चालले. ज्यांची भिस्त केवळ उपस्थितीवर होती त्यांची फार तारांबळ उडाली. त्यानंतर पुष्कळ कंपन्यांनी आठवड्यातील काही दिवस पुन्हा कचेरीत बोलावण्यास सुरुवात केली, आणि रात्रीच्या गाड्या पुन्हा भरू लागल्या. तरी तुकडीतील निम्मी माणसे दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या खंडात असणे ही आता रोजची रीत झाली असून, नवख्याची पहिली ओळख त्याचा चेहरा दिसण्यापूर्वी त्याच्या पहिल्या मांडलेल्या बदलाखालील चार ओळींच्या स्पष्टीकरणावरूनच होते.